अंतःकरणाची राखण, शेजाऱ्याची साक्ष

१७५० ते १७५४ या काळात जॉन न्यूटन हा इंग्रज कप्तान गुलामांची जहाजे घेऊन तीन वेळा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. जहाजाच्या पोटात माणसे साखळदंडांनी जखडलेली असत आणि वर आपल्या खोलीत न्यूटन पवित्र शास्त्र वाचत असे, प्रार्थना करत असे, रविवारी खलाशांची उपासना घेत असे. तो ढोंगी नव्हता. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिक महासागरात त्याचे जहाज वादळात बुडता बुडता वाचले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला होता, आणि आपल्या नव्या जीवनाचा आरंभ तो जन्मभर त्याच घटनेपासून मोजत राहिला. १७६४ मध्ये छापलेल्या आत्मकथनात त्याने नमूद केले आहे की गिनीच्या शेवटच्या दोन सफरींत देवाच्या सहवासाचा जो गोडवा लाभला, तसा तो एरवी क्वचितच लाभला. जगभर गाइले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मात्र त्याने जाहीरपणे लेखणी उचलली ती १७८८ मध्ये. समुद्र सोडून तोवर चौतीस वर्षे उलटली होती. आणि समुद्र त्याने सोडला होता तो अचानक आलेल्या आजारपणामुळे. धंदा पापाचा आहे असे वाटल्यामुळे नव्हे.

या माणसाची गोष्ट मंडळ्यांमधून सहसा कृपेचा महिमा सांगण्यासाठी ऐकवली जाते, आणि तो महिमा खराच आहे. पण ती आपल्याला सावध करण्यासाठीही ऐकली पाहिजे. आत्मिक आंधळेपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रार्थना सुटलेला, उपासनेला न येणारा, देवाचे नाव घेताना कोरडा पडलेला माणूस येतो. न्यूटनची प्रार्थना आटली नव्हती. शास्त्रवाचन थांबले नव्हते. डोळ्यांत पाणी येत होते, आणि ते खरे होते. तरीही पायांखालच्या फळीच्या पलीकडे काय चालले आहे ते त्याला दिसत नव्हते. यावरून एक गोष्ट मान्य करावी लागते: आपली भक्ती ताजी आहे एवढ्यावरून आपली दृष्टी शाबूत आहे असे ठरत नाही. अंतःकरण सर्वांत कपटी आहे असे यिर्मया सांगतो आणि त्याची सर्वांहून अधिक राखण करा असे नीतिसूत्रे बजावतात. ही दोन्ही वचने एकत्र ठेवली की अडचण ध्यानात येते. ज्याची राखण करायची त्यालाच पहारेकरी नेमता येत नाही. माझ्या अंतःकरणाबद्दल माझ्याच अंतःकरणाला विचारून मिळालेले उत्तर पुरेसे नाही; साक्ष बाहेरून आली पाहिजे. आणि माझे म्हणणे असे की देव ती साक्ष बहुतेक वेळा त्या माणसांकडून देतो, ज्यांच्यावर आपल्या वागण्याचा भार पडतो आणि ज्यांना आपण कधी विचारत नाही.

आत्मवंचना घडते कशी, हेही न्यूटनच्याच लिखाणातून कळते. बेड्या, साखळ्या आणि कुलपे यांच्यातच दिवस काढायचे याची त्याला अधूनमधून शिसारी येत असे. आपण तुरुंगाधिकारी झालो आहोत असे त्याला वाटे, आणि याहून अधिक माणुसकीचे काम मिळावे म्हणून तो प्रार्थनाही करत असे. म्हणजे सदसद्विवेक मेला नव्हता, तो दार ठोठावत होता. पण न्यूटनने त्या टोचणीचा अर्थ बदलून टाकला. हे काम देवाने आपल्याला नेमून दिलेले आहे, फक्त आपल्या स्वभावाला ते मानवत नाही, असे त्याने स्वतःला समजावले. समोरच्या माणसावर होणारा अन्याय हा त्याच्या मनात स्वतःच्या गैरसोयीचा विषय बनला, आणि त्या गैरसोयीवर त्याने प्रार्थनेचे औषध लावले. आपल्यातही हेच घडते. घरकामाच्या बाईला वेळेवर पगार न दिल्याने मनाला जे बोचते, त्याला आपण थकवा म्हणतो. भावाच्या वाट्याची जमीन आपल्या नावावर राहिल्याने जी अस्वस्थता येते, तिला सैतानाची परीक्षा म्हणतो आणि शांती मागतो. शांती मिळते सुद्धा. ती कुठून आली हे मात्र आपण तपासत नाही.

धार्मिक कारण हाताशी असले की हे काम अधिकच सोपे होते. शौल राजाने अमालेक्यांची उत्तम मेंढरे राखून ठेवली आणि शमुवेलाला तो आनंदाने सामोरा गेला, की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. मेंढरांचा आवाज कानावर आला तेव्हा त्याने उत्तर दिले की ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी आहेत, आणि शिवाय ती लोकांनी आणली आहेत. १ शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायातला हा संवाद सावकाश वाचण्यासारखा आहे, कारण त्यात शौल खोटे बोलत आहे असे वाटतच नाही. बोलता बोलता त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसलेला आहे. ‘देवाच्या कामासाठी’, ‘मंडळीची साक्ष बिघडू नये म्हणून’, ‘कुटुंबाच्या भल्यासाठी’ हे शब्द आपल्या तोंडी येतात तेव्हा ते नेहमीच खोटे असतात असे नाही. पण त्या शब्दांनी कोणाचा आवाज बंद होतो, हे विचारण्याची सवय हवी. एखाद्या मंडळीत कोणा स्त्रीने किंवा मुलाने सेवकाविरुद्ध तक्रार केली आणि साक्षीच्या नावाखाली ती दाबली गेली, तर तिथे शौलाचीच मेंढरे ओरडत असतात.

दाविदाचे उदाहरण याच्या पुढे नेते. बथशेबेला नेल्यानंतर आणि उरीयाला राब्बाच्या वेढ्यात मरायला पाठवल्यानंतर निदान मूल जन्मेपर्यंतचे महिने त्याने राज्यकारभार चालवला. नाथान त्याच्याकडे आला आणि एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावून घेतल्याची गोष्ट सांगू लागला, तेव्हा दावीद संतापला, चौपट भरपाईचा निवाडाही त्याने देऊन टाकला. म्हणजे त्याची न्यायबुद्धी पूर्ण जागी होती, नियमशास्त्र त्याला पाठ होते. फक्त त्या प्रकाशाचे तोंड बाहेर होते. नाथानाने त्याला आत्मपरीक्षण कर असे सांगितले नाही. त्याने राजाच्या डोळ्यांपुढे तो गरीब माणूस आणि त्याच्या ताटातले खाणारी, कुशीत निजणारी ती मेंढी उभी केली. ज्याच्यावर अन्याय झाला तो दिसला, तेव्हा ज्याने अन्याय केला तो दिसला. पापक्षमेचे प्रसिद्ध एकावन्नावे स्तोत्र याच प्रसंगाशी जोडलेले आहे, आणि त्या स्तोत्रातील भग्न हृदय त्या गरिबाच्या गोष्टीनंतरचे आहे, हे आपण सहसा विसरतो.

धर्मज्ञान आणि दृष्टी या वेगळ्या गोष्टी आहेत याचा एक आधुनिक पुरावाही आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. त्यांपैकी काहींचा विषय चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला हाच होता. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत बसलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय दाखल्याचा होता की दुसरा काही, याने फारसा फरक पडला नाही. विद्यार्थी केवळ चाळीस होते, तेव्हा एका प्रयोगावर सिद्धांत उभारू नये. पण रविवारचा संदेश डोक्यात घोळवत, वेळ गाठण्यासाठी धावणाऱ्या प्रत्येक पाळकाने आणि वडिलाने तो लक्षात ठेवावा. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्टही इथे लागू पडते: पूर्वग्रह माणसांना इतरांत चटकन दिसतात, स्वतःत फार कमी दिसतात. डोळ्यातील मुसळ आणि कुसळ यांबद्दल प्रभू येशूने जे शिकवले ते ऐकलेल्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

कोणी म्हणेल की आत्मिक आंधळेपणा हा आधी देवाच्या बाबतीतला असतो, शेजाऱ्याचा प्रश्न नंतरचा. हे अर्धे खरे आहे, आणि त्यासाठी आपल्या घरचेच उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे झाला. हिंदुस्थानात परतून त्यांनी विधवांसाठी काम उभे केले, टीका सोसली, त्याग केला. आणि तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. इतकी बुद्धिमान, इतकी प्रामाणिक स्त्री. आणि तिला हे कळायला बाहेरून धक्का लागला. त्यांच्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले होते. कॉर्नवॉलमधील बॉल्डू गावी १८५१ मध्ये आपल्याच व्यासपीठावरून प्रवचन देताना, ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटते या प्रश्नावर बोलता बोलता, आपला स्वतःचाच पालट झालेला नाही हे या हॅसलमला कळले होते. एका पाळकाचा आंधळेपणा दुसऱ्या सेविकेला आरसा झाला. रमाबाईंनी ही गोष्ट लपवली नाही, ही त्यांची मोठी देणगी आहे. बाप्तिस्मा, सेवा, पदे, मिशनच्या कामातील वर्षे या सगळ्यांचा आधार घेऊन आपण जिवंत आहोत असे समजणे किती सोपे आहे, हे त्यांनी आपल्या मोठ्या नावाची पर्वा न करता लिहून ठेवले. पण शेजारी हा दुय्यम विषय आहे असे मात्र यातून निघत नाही. जो भाऊ दिसतो त्याच्यावर प्रेम न करणारा न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाचा दावा करू शकत नाही, अशी कसोटी योहानाच्या पहिल्या पत्राने दिली आहे. देवाशी आपले नाते कसे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. शेजाऱ्याशी कसे आहे ते दिसते, मोजता येते, आणि म्हणून फसवणूक पकडायची जागा तीच आहे.

आत्मपरीक्षणाची सर्वांत परिचित आज्ञा हेच सांगते, पण आपण तिचे रूप पालटून टाकले आहे. प्रभुभोजनाच्या आधी पाळक सूचना देतात, प्रत्येकाने आपली परीक्षा करावी. आपण डोळे मिटतो, आठवड्यातले राग, वाईट विचार, चुकलेल्या प्रार्थना आठवतो, क्षमा मागतो आणि पुढे जातो. पौलाने हे शब्द करिंथच्या मंडळीला का लिहिले ते अकराव्या अध्यायात स्पष्ट आहे. तिथे प्रभूच्या मेजावर काही जण आधीच जेवून घेत होते, पिऊन मस्त होत होते, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहून अपमानित होत होते. अभ्यासकांना वाटते की खाऊनपिऊन सुखी असलेले सदस्य लवकर येत आणि दास व मजूर काम आटोपून उशिरा पोहोचत. पौलाची तक्रार कोणाच्या मनातल्या एखाद्या विचाराबद्दल नव्हती. प्रभूचे शरीर ओळखायचे म्हणजे शेजारी बसलेल्या गरिबाला ओळखायचे, आणि ते न करता खाणारा दंड ओढवून घेतो, असा त्याचा रोख आहे. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात डोळे मिटण्यापूर्वी डोळे उघडे ठेवून एक यादी करा: माझ्यामुळे कोण उपाशी राहिले, कोण वाट पाहत राहिले, कोणाचा अपमान झाला? नावे लिहा. मोघम पापाची कबुली देणे सोपे असते, नाव लिहिताना हात थांबतो. जिथे हात थांबेल तिथे थोडा वेळ थांबा.

पण मनात यादी करून भागत नाही, विचारावे लागते. आणि विचारणे हे कौशल्याचे काम आहे. ‘माझे काही चुकते का?’ असे आपल्या हाताखालच्या माणसाला विचारले तर उत्तर ‘नाही साहेब’ हेच येणार, कारण खरे बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागते. प्रश्न लहान आणि ठोस हवा. गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुमची कुठे अडचण झाली? तुम्ही सुट्टी मागताना का कचरता? सुनेला, धाकट्या भावाला, वाढत्या वयाच्या मुलीला विचारताना एकांत हवा आणि उत्तरानंतर कसलाही परिणाम होणार नाही याची खात्री हवी. उत्तर आले की त्या दिवशी खुलासा करू नये. आपली बाजू मांडण्याची जी घाई होते, तीच बहुतेक वेळा रोगाचे लक्षण असते. आभार मानावेत, लिहून ठेवावे, आणि निदान एक रात्र ते मनात राहू द्यावे. जिथे भीतीमुळे बोलणे शक्यच नाही तिथे कागदांना विचारावे. पगार कोणत्या तारखेला दिला गेला, उसने घेतलेले पैसे कधी परत केले, चर्चच्या खात्यातले कोणते खर्च कोणाच्या सहीने झाले, या नोंदी कोणाचे मन राखत नाहीत.

यावर घेतला जाणारा मोठा आक्षेप काळाचा असतो. न्यूटन त्याच्या काळाचा माणूस होता, तेव्हा सगळेच असे मानत, मग त्याला दोष कसा द्यायचा? पण सगळे असे मानत नव्हते. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन इथे १६८८ मध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता, आणि त्यांचा मुख्य आधार असा होता की इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे. क्वेकर पंथाचा जॉन वुलमन याने गुलाम बाळगण्याविरुद्धचा आपला निबंध १७५४ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूटनने समुद्र सोडला ते हेच वर्ष. वुलमन ज्यांच्या घरी पाहुणा म्हणून उतरे, तिथल्या गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे तो देत असे. यजमानांना ते अवघडल्यासारखे होई, पण त्याच्या डोळ्यांपुढे सेवा घेणारे नव्हते, सेवा करणारे होते. आणि जहाजाच्या पोटातील माणसांना तर हे पाप आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. काळाचा आंधळेपणा म्हणताना त्या काळातल्या अर्ध्या माणसांना आपण मोजतच नाही. हे मान्य केले पाहिजे की एकटा माणूसच नव्हे, अख्खी मंडळी आंधळी होऊ शकते. जर्मनटाउनचा तो निषेध क्वेकरांच्याच वरिष्ठ सभांनी बाजूला ठेवला, आणि गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना फिलाडेल्फियाच्या सभेने मनाई केली ती १७७६ मध्ये. लावदिकीयाची मंडळीही अशीच. इसवी सन ६० च्या भूकंपानंतर ते श्रीमंत शहर रोमची मदत न घेता उभे राहिले असे टॅसिटसने नोंदवले आहे. शहराचा तो स्वयंपूर्णतेचा अभिमान मंडळीत उतरला, आणि आपण आंधळे व उघडे आहोत हे प्रभूला बाहेर उभे राहून सांगावे लागले. म्हणून आपल्याच वर्तुळातल्या, आपल्यासारख्याच माणसांना विचारून थांबणे धोक्याचे आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाने हे स्वतःला लावून पाहिले पाहिजे, आणि इथे मी थोडे थांबणार आहे. लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आजही अनेक ख्रिस्ती घरांत विचारला जातो. बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या झाल्या तरी विचारला जातो. विचारणारे भक्त लोक असतात, प्रार्थनासभा घेणारे असतात, आणि त्यांना आपण पाप करतो आहोत असे वाटत नाही. चालीरीती जुळाव्यात एवढेच ते म्हणतात. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद असल्याचे मान्य केले. ते मान्य करायला इतकी वर्षे का लागली याचे उत्तर मला न्यूटनच्या जहाजावर सापडते. हा प्रश्न ज्यांना विचारला जातो आणि ज्यांच्या मुलींना त्या उत्तरामुळे नकार मिळतो, त्यांना कोणी त्यांचे मत विचारलेले नसते. चर्चच्या जमिनींवरून न्यायालयांत चालणाऱ्या वादांचेही तेच. दोन्ही बाजू उपास धरून प्रार्थना करतात. त्या जागेतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना, तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना यातून काय मिळाले, हा प्रश्न कोणाच्याच प्रार्थनेत नसतो.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. आपल्यात पवित्र आत्मा वास करतो. मग माणसांच्या साक्षीची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर पेत्राच्या आयुष्यात आहे. पन्नासाव्या दिवशी आत्म्याने भरलेला, यापोत चादरीचा दृष्टान्त पाहिलेला, कर्नेल्याच्या घरी परराष्ट्रीयांवर आत्मा उतरताना डोळ्यांनी बघितलेला हा प्रेषित अंत्युखियात परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवायचे टाळू लागला, कारण यरुशलेमहून आलेल्यांची त्याला भीती वाटली. बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. पौलाला त्याच्या तोंडावर विरोध करावा लागला, असे गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो. पवित्र आत्मा पेत्रात होता, आणि त्याच आत्म्याने पौलाच्या तोंडून पेत्राला सुधारले. पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून दररोज एकमेकांना बोध करा असे इब्री लोकांस पत्र सांगते, ते आत्मा नसलेल्यांना सांगत नाही. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी केलेल्या नियमांत दर आठवड्याला एकत्र येऊन आपली पापे व मोह उघडपणे बोलण्याची शिस्त होती. कॅथलिक परंपरेत पापनिवेदन आहे. अशी एखादी जागा तुमच्या जीवनात नसेल तर ती शोधा: दोन-तीन माणसे, त्यांतले निदान एक आपल्याहून वेगळ्या परिस्थितीतले, ज्यांना तुम्ही स्वतः सांगितले आहे की मला अडवण्याचा तुम्हांला हक्क आहे.

तिसरी भीती मला सर्वांत गंभीर वाटते. ‘तू आंधळा झाला आहेस’ हे वाक्य मंडळ्यांत शस्त्र म्हणून वापरले जाते. हिशेब विचारणाऱ्या तरुणाला, मार सोसून घर सोडणाऱ्या बायकोला, प्रश्न करणाऱ्या विद्यार्थ्याला हे ऐकवले जाते. अशा वेळी दिशा पाहावी. नाथान गरिबाच्या बाजूने राजाकडे गेला. बोलण्यात त्याचा लाभ काहीच नव्हता आणि धोका मोठा होता. जो सुधारणूक करू पाहतो तो आपल्याहून दुबळ्याचे रक्षण करतो आहे, की स्वतःच्या अधिकाराचे? त्याच्या म्हणण्याने लपलेले उघडे होते, की उघडे झालेले पुन्हा झाकले जाते? मार खाणाऱ्या स्त्रीला आत्मपरीक्षणाचा उपदेश करून परत पाठवणारा नाथानाचे काम करत नाही, आणि तिने ते ऐकले नाही तर ती आंधळी ठरत नाही. या लेखातील कोणतीही सूचना वाचकाने आधी स्वतःला लावावी, आणि हातात जितकी सत्ता अधिक तितकी ती कठोरपणे लावावी. ज्यांच्या हाती फारच थोडे आहे, ज्यांनी आयुष्यभर स्वतःलाच दोष दिला आहे, त्यांची आत्मवंचना अनेकदा उलट असते: देवाने क्षमा केली तरी आपण दोषीच, असे त्यांना वाटत राहते.

त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच हे सांगितले पाहिजे की सतत स्वतःला कुरतडत राहणे म्हणजे राखण नव्हे. आपल्या मनाला आपला काही दोष दिसत नाही, पण म्हणून आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे, असे पौल करिंथकरांना लिहितो आणि शांतपणे कामाला लागतो. आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हाही देव मनाहून मोठा आहे, असे योहान सांगतो. लोयोलाच्या इग्नाशियसने आपल्या ‘आत्मिक साधना’ या ग्रंथात, ज्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, रोजच्या परीक्षणाची जी पद्धत घालून दिली तिची पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला क्षमेची खात्री नाही तो स्वतःकडे पाहूच शकत नाही; त्याला निर्दोष दिसणे भागच असते. ख्रिस्तात स्वीकारला गेलेला माणूस वाईट बातमी ऐकायला मोकळा होतो. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात: आभार, दिवसातील माणसे एकेक करून आठवणे, एखाद्या ठिकाणी मन अडखळले तर तेवढेच देवापुढे ठेवणे, आणि उद्या करायची एक गोष्ट ठरवणे. बाकीचे त्याच्यावर सोडून झोपावे.

ती एक गोष्ट करणे मात्र टाळू नये. वचन ऐकून न आचरणारा आरशात तोंड पाहून विसरणाऱ्यासारखा असतो, आणि तो स्वतःची फसवणूक करतो, असा याकोबाचा इशारा आहे. दिसलेले सत्य आचरणात आले नाही तर ते पुन्हा अंधुक होते, आणि पुढच्या वेळी आणखी कमी दिसते. जक्कयाने येशूसमोर उभे राहून रक्कम सांगितली: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. न्यूटननेही वयाच्या साठीनंतर का होईना, ही कबुली फार उशिरा येत आहे असे छापील शब्दांत मान्य केले, अंगठे पिळण्याच्या यंत्रांपर्यंत सर्व काही लिहिले, आणि १७९० मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. गेलेली माणसे त्याने परत आणली नाहीत, पण जी अजून जहाजांवर चढवली जात होती त्यांच्यासाठी तो बोलला. तुमच्या यादीतल्या पहिल्या नावाकडे या आठवड्यात जा. थकलेले पैसे असतील तर ते बरोबर न्या, किंवा थोडे थोडे कधी देणार त्याच्या तारखा लिहून न्या. मनाई केलेले लग्न असेल तर त्या मुलाच्या किंवा मुलीच्या आईवडिलांना भेटा. माफी मागताना परिस्थिती समजावून सांगू नका, आणि माफी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरू नका. ती द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे.